छावणीतल्या बाळाचा वाटा

बाळ रडलं होतं का, एवढा एकच प्रश्न मला माजलगावच्या कोर्टात सुमनला विचारायचा राहिला होता.

सुमन माझी पक्षकार, दिंद्रुडकडची. दुष्काळात विहीर खोल करताना दरड अंगावर आली आणि तिचा नवरा गेला. ती तेव्हा पोटुशी होती. तेरावं उरकतं न उरकतं तोच दिराने सासूला पुढे करून वाटणीचा दावा लावला. मी उभा राहिलो. म्हणालो, "पोटातल्या बाळाचाही वाटा आहे. बाळंतपणापर्यंत थांबावं." कोर्टाने स्टे दिला.

हा नियम मूळचा रोमन. पोटातलं मूल त्याच्या फायद्यापुरतं जन्मलेलंच धरायचं. अट एकच, ते जिवंत जन्मावं. त्याच रोममध्ये स्टोइक पंथाची माणसं होती. गर्भ म्हणजे झाडावरचं फळ, जीव येतो तो पहिल्या श्वासाबरोबर, असं ती मानत. जे आपल्या हाती नाही त्याचा शोक करू नये, असंही सांगत. लॉ कॉलेजात मला हे फार पटायचं.

सहकारी साखर कारखान्याने जनावरांसाठी चारा छावणी उघडली, तेव्हा सुमन बैल घेऊन तिथेच राहायला गेली. दिवस भरायच्या आधीच, तिथल्या पालात, ती एकटी बाळंत झाली. तिचा भाऊ पोचला तेव्हा मुलगा तिच्या मांडीवर गार पडला होता.

तारखेच्या सकाळी दोघं माझ्या ऑफिसात आली. मी कायदा समजावला. बाळाने एक श्वास जरी घेतला असेल तर ते वारस. मग त्याचा वाटा आईला, म्हणजे सुमनला; दोन तृतीयांश जमीन तिची आणि विहीरही तिच्या बाजूला. श्वास घेतला नसेल तर कायद्याच्या लेखी बाळ नव्हतंच. मग निम्मी जमीन सासूला, विहिरीसकट.

"मंग रडलं म्हन की, सुमे," भाऊ म्हणाला. "कोन व्हतं तितं बघायला?"

"मी व्हते की."

"त्या हिरीपायी नवरा गेला तुजा! आता हीर बी देतीस का?"

तिने पदर तोंडाला लावला.

कोर्टात ती पिंजऱ्यात उभी राहिली. मी विचारलं, "सुमनताई, बाळ रडलं का?"

"न्हाई." मग जज्जसाहेबांकडे वळून म्हणाली, "मी लई वाट बघितली, सायेब. पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुकलं. न्हाईच रडलं."

टायपिस्टचे हात थांबले. दिराच्या वकिलाने बसल्या जागेवरून "नो क्रॉस" म्हटलं, म्हणजे उलटतपास नाही.

विहीर सासूच्या वाट्याला, म्हणजे दिराकडेच गेली. निकालात बाळाबद्दल एकच ओळ होती: जिवंत न जन्मल्याने वारस म्हणून अस्तित्वात नाही. मी ती सुमनला वाचून दाखवली.

"म्हंजे ते न्हवतंच का वो, सायेब?" तिने विचारलं. "मला तर लाता मारायचं."

मी फाईलची नाडी बांधत राहिलो. डोळे वाहत होते, गाठ काही बसेना.

ज्युनिअरांना मी एवढंच सांगतो. निकाल पक्षकाराला शब्दशः वाचून दाखवू नका. विहीर कुणाकडे गेली तेवढं सांगा आणि घरी जाऊ द्या.