पाणबुडीच्या कठड्याचे अकरा खांब

मी दात बनवतो. डेंटिस्ट नाही. डेंटिस्ट लोकांच्या तोंडात हात घालतात आणि भिंतीवर सर्टिफिकेट लावतात. मी दादरच्या एका जुन्या इमारतीतल्या लॅबमध्ये बसून, त्यांनी पाठवलेल्या ठशांवरून कॅपा आणि कवळ्या तयार करतो. दाढेच्या आतल्या बाजूला, जिथे मालकाच्या जिभेखेरीज कोणी कधी पोचणार नाही, तिथेही मी खऱ्या दाढेसारख्या खाचा कोरतो. इतक्या वर्षांत एकाही माणसाने आरशापुढे आ वासून "वा, काय खाच आहे!" म्हटल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही. असा माणूस निदान घरी तरी स्वस्थ बसेल अशी बायकोची समजूत होती. मी घरी येऊन पाणबुडी बनवायला घेतली.

रेडिओवर चालणारी, तीन फूट लांब. फायबरचं तयार धूड बाहेरून मागवलं. आत मोटर, बॅटरी आणि पाण्याची एक टाकी बसवली. टाकी भरली की पाणबुडी खाली जाते, पंपाने रिकामी केली की वर येते. रिमोट जुन्या पद्धतीचा, हातभर लांब एरियलवाला, कारण नव्या रिमोटच्या लहरी पाण्यात शिरल्याबरोबर मान टाकतात. सासुरवाडीच्या तळ्यात तिला पहिल्यांदा सोडली तेव्हा ती निमूट खाली गेली आणि निमूट वर आली. काठावरच्या दोन म्हशींनी मान वळवून पाहिलं आणि पुन्हा रवंथ सुरू केलं. तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण मी तिचा फोटो इंटरनेटवर अशा हौशी लोकांच्या एका ग्रुपमध्ये टाकला. कुठल्याशा बर्फाळ देशातल्या एका गृहस्थाने खाली लिहिलं, "छान खेळणं." या दोन शब्दांनी माझे पुढच्या दोन वर्षांचे रविवार खाल्ले.

खेळणं आणि मॉडेल यांत फरक असतो तो बारीक कामाचा. खऱ्या पाणबुडीच्या अंगावर वेल्डिंगच्या शिवणी असतात, डेकखालचं पाणी निघून जायला भोकांच्या रांगा असतात, झाकणांवर फिरवायची चाकं असतात, डेकवरच्या उंच मनोऱ्याला शिडी असते, शिडीला पायऱ्या असतात. माझ्या धुडाला यातलं काही नव्हतं. ते एका मोठ्या वांग्यासारखं दिसत होतं. मग लॅबमधले झिजलेले बर, म्हणजे दात कोरायच्या सुया, घरी आणून मी भोकं पाडायला बसलो. पितळेच्या तारेचा कठडा केला. झाकणाचं चाक तांदळाच्या दाण्याएवढं आणि त्याला पाच आरे. डोळ्यांवर भिंग चढवून मी जेवणाच्या टेबलाशी बसायचो आणि घरातली बाकीची माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवायची.

"कुणाला दिसणार आहे हे चाक?" बायकोने एकदा विचारलं.

"ज्याला कळतं त्याला दिसेल."

"तो आपल्याकडे कधी येणार आहे जेवायला? टेबल रिकामं करायला हवं, म्हणून विचारते."

कठड्याला आधी मी बारा खांब लावले होते. ग्रुपमधल्या त्याच गृहस्थाने एक धूसर फोटो पाठवून कळवलं की या जातीच्या पाणबुडीला अकराच असतात. मी दोन रविवार घालवून सगळा कठडा उपटला आणि अकरा खांबांचा नवीन केला. कुठल्या तरी समुद्रात, कुठल्या तरी देशाची पाणबुडी एक खांब कमी घेऊन हिंडते आहे, आणि त्याचा ताप परळमध्ये माझ्या डोक्याला.

आमची चाळ पाडून तिथे दोन टॉवर झाले आहेत. एक आम्हा जुन्या भाडेकरूंचा, दुसरा विकत घेणाऱ्यांचा. जमीन एकच, मध्ये फक्त एक भिंत, आणि भिंतीपलीकडे त्यांचा स्विमिंग पूल. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो फार सुरेख दिसतो. बिल्डर न्यायी माणूस होता. त्याने त्यांना पाणी दिलं आणि आम्हाला देखावा.

आमच्याच मजल्यावर, लिफ्टसमोर, एक काका राहतात. मूळचे मालवणकडचे, वय ऐंशीच्या आसपास, बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच असतात. "काका नेव्हीत पाणबुडीवर होते," हे आमच्या इमारतीत प्रत्येकाला माहीत होतं आणि त्यापुढे कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही. जगभरातल्या अनोळखी लोकांना मी खांबांची संख्या विचारत बसलो होतो आणि खरा पाणबुडीवाला रोज माझ्यासमोर दुधाची पिशवी घेऊन लिफ्टची वाट बघत होता. हुशारी म्हणतात ती हीच.

एका रविवारी सकाळी मी त्यांना घरी बोलावलं. चहा दिला, पाणबुडी पुढ्यात ठेवली, वही उघडली.

"काका, मनोऱ्याच्या शिडीला पायऱ्या किती असायच्या?"

"माका काय म्हायत?"

मला वाटलं, वयामुळे विसरले असतील. "बरं, वेल्डिंगची शिवण डेकवरून कुठवर जायची?"

काकांनी चहाचा घोट घेतला. ते मला डाक्टर म्हणतात. मी डाक्टर नाही, हे सांगायचं मी केव्हाच सोडून दिलं आहे. "अरे डाक्टर, मी कुक होतंय. मी सगळो वेळ भितुर. भायरसून बोट कशी दिसता ता फोटोवाल्याक विचार."

वही मिटावी का, असा विचार मनात आला. पण काकांना आता कोणीतरी ऐकणारा मिळाला होता. त्यांचं स्वयंपाकघर आमच्या लिफ्टएवढं होतं. कांद्याची पोती टॉर्पेडोच्या शेजारी ठेवत. बोट कलली की आमटी आधी कलायची. रोज वेगळी भाजी आणि रोज डिझेलचा तोच वास. ते बराच वेळ बोलले आणि त्यात माझ्या मॉडेलच्या उपयोगाचं काडीइतकं काही नव्हतं.

मग त्यांनी माझं भिंग डोळ्यांवर चढवलं आणि पाणबुडीवर वाकून हळूहळू पाहिलं. मनोऱ्यामागे कठड्याच्या एका जागी त्यांचं बोट थांबलं.

"हंय."

"इथे काय?"

"खूप दिवसांनी वर इलो की आमका दोघा-दोघांक भायर सोडत. मी येवन हंय धरून उभो ऱ्हवंय. सगळेच हंय धरत. रंग उडान गेल्लो, लोखंड दिसी."

"धरून काय करायचात?"

"काय करतलंय? उजेड बघंय." त्यांनी भिंग काढून टेबलावर ठेवलं. "पाच मिन्टां. मग परत चपात्ये."

ते गेल्यावर मी बारीक पाती घेतली आणि त्या जागचा करडा रंग खरवडला. अर्धा तांदूळ मावेल एवढीच जागा.

"दोन वर्षं रंग लावलास," बायको म्हणाली, "आता काढायला सुरुवात?" पण मी काकांचं सांगणं तिला सांगितलं, तेव्हा ती हातातलं भांडं ठेवून तिथे येऊन वाकली आणि तिने पहिल्यांदाच माझ्याकडे भिंग मागितलं.

आता प्रश्न होता पाण्याचा. दर वेळी सासुरवाडीला जायचं म्हणजे सासुरवाडीलाही सोसलं पाहिजे. विसर्जनाच्या कृत्रिम तलावात सोडायचं माझ्या मनात आलं होतं, पण गणपतीला निरोप देणाऱ्या माणसांच्या पायांशी करडी पाणबुडी वर येणं मलाच बरं वाटेना. काका म्हणाले, "खिडकीसमोर एवढा पाणी आसा." सोमवारी सकाळी त्यांनी पेटीतला जुना कोट काढला, छातीवर बिल्ला लावला आणि मला घेऊन ते थेट शेजारच्या टॉवरच्या मॅनेजरसमोर उभे राहिले.

"हम सबमरीन में था," काका म्हणाले.

खुर्चीतला मॅनेजर ताडकन उभा राहिला. आम्ही टॉवरमध्ये राहायला आल्यापासून त्याने मला एकदाही बसल्या जागेवरून पाहिलं नव्हतं. सोमवारी पूल साफसफाईसाठी बंद असतो, तेव्हा अर्धा तास वापरा, असं तो म्हणाला. वर "सर" म्हणाला. पाणबुडीत काकांचं काम काय होतं, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हीही त्याच्या देशप्रेमात व्यत्यय आणला नाही.

मी लगेच घरून पाणबुडी आणली आणि पाण्यात ठेवली. भोकांतून बारीक बुडबुडे आले, डेक बुडालं, कठडा बुडाला, मनोरा गेला. निळ्या फरशीवरून तिची सावली सरकत गेली. मग मी टाकी रिकामी करायचं बटण दाबलं.

ती वर आली ती उताणी. लाल पोट आकाशाकडे, पंखा हवेत गरगरतोय, आणि पितळेची सगळी कारागिरी पाण्याखाली. कडेला जाळी घेऊन पानं काढणारा सफाईवाला म्हणाला, "मर गया क्या?"

आणि काका हसायला लागले. कोटाचा बिल्ला हलेपर्यंत हसले. मला मात्र रडू येत होतं, कारण काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. कठडा, शिडी, चाकं, साखळ्या, दोन वर्षांत बनवलेली प्रत्येक वस्तू पितळेची होती आणि प्रत्येक वस्तू वर होती. दाताचं माप केसाएवढं चुकलं तर जो माणूस लॅबमधल्या कारागिरांना ओरडतो, त्याने बोटीच्या डोक्यावर पितळ रचताना एकदाही वजन केलं नव्हतं. ती सुंदर दिसावी म्हणून मी जे जे केलं, त्यानेच ती उलटी झाली होती. सफाईवाल्याने पानांच्या जाळीने तिला ओढून दिली.

परतताना लिफ्टमध्ये काका म्हणाले, "वरचा वजन कमी कर. आमच्याकडेय तसाच. सायब लोक वर जास्ती झाले की बोट डोलता."

मी सगळं पितळ काढलं. कठडा प्लास्टिकच्या बारीक काडीचा केला, चाकं कवळीच्या ॲक्रिलिकची. ते हिरड्यांच्या रंगाचं असतं, त्यामुळे काही दिवस माझी युद्धनौका तोंड आलेल्या माणसासारखी गुलाबी होती. पोटात शिशाचे तुकडे चिकटवले. मनोऱ्यामागच्या त्या जागी आता खरवडून काही उपयोग नव्हता, आत धातूच नव्हता. म्हणून तिथे चंदेरी रंगाचा एक ठिपका दिला. उडालेला रंग मी रंगवून दाखवला, याहून खोटं काम मी कवळ्यांतही केलेलं नाही. काकांनी ते भिंगातून पाहिलं, नखाने हलकेच चाचपलं आणि "हां" म्हणाले. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा त्या बर्फाळ गृहस्थाने कळवलं की नवीन माहितीनुसार खांब बाराच होते.

पुढच्या महिन्यात पुन्हा सोमवारी पूल मिळाला. या खेपेला ती खाली गेली आणि सरळ वर आली. डेकवरचं पाणी भोकांतून धारा लागून निथळलं. मी रिमोट काकांच्या हातात दिला आणि कुठली कांडी कशाची ते सांगितलं. त्यांनी पाणबुडी अगदी सावकाश पूलच्या कडेने फिरवली. एक फेरी, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला मी म्हटलं, "काका, हे बटण दाबा. खाली जाईल."

"नको. ऱ्हवांदे वर."

मी हात मागे घेतला. तीन फुटांची, खाली जाणारी, वर येणारी पाणबुडी, आणि ती अर्धा तास होडीसारखी उन्हात फिरत राहिली. मॅनेजर दोनदा येऊन बघून गेला. शेवटी त्याला राहवेना.

"सर, पनडुब्बी है ना? तो नीचे क्यों नहीं जाती?"

काकांनी नजर पाण्यावरून हलवली नाही.

"छुट्टी पे है," ते म्हणाले.