ब्राह्मीवाली आजी

उदासीवर वनस्पतींचे अर्क उपयोगी पडतात का, हे मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत उंदरांवर तपासत होते. ब्राह्मी पडघ्याच्या बाजारातल्या एका आदिवासी म्हातारीकडून घ्यायचे. प्रत्येक जुडी ती आधी स्वतः हुंगायची, मगच हातात द्यायची.

ब्राह्मी कशासाठी नेते ते मी सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "उंदीर उदास हाय, कसं कलतं?"

"पाण्यात सोडते. उदास असला की लवकर पोहणं सोडतो. मग बाहेर काढून पुसते. पण आजी, अर्क न दिलेलेही तेवढंच पोहतायत. सगळी मेहनत वाया."

"त्यांनाबी तूच पुसतेस?"

"हो."

"मंग त्यांनापन भेटला की औषद."

ती मनापासून हसली. कित्येक आठवड्यांनी मीही हसले, आणि प्रयोग पुन्हा करायचा ठरवून दोन जुड्या जास्त घेतल्या.