बांधावरची राखण

पिरंगुटच्या डॉक्टरीणबाईंनी टेप काढून पोटाभोवती गुंडाळली, तेव्हा आमचे हे म्हणाले, "कापड मी आणू का तुमच्याकडचंच हाय?" बाई हसल्या नाहीत. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, रक्तात चरबी, आणि पोट तर ह्यांच्याआधीच दारातून आत आलेलं. या सगळ्याला मिळून मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात आणि असंच चाललं तर एक दिवस हृदय दगा देईल, हे त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. ह्यांच्याकडे बघून सांगण्यात अर्थ नाही, हे त्यांनी तोवर ओळखलं होतं.

गोळ्या दिल्या, पण गोळ्यांच्या भरवशावर बसू नका म्हणाल्या. भात निम्मा, ताटात अर्धी जागा भाजीची, बाकी उसळ-भाकरी, चहा बिनसाखरेचा, वडा-फरसाण बंद आणि रोज सकाळी झपझप चालणं. किती झपझप? तर बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये.

मी मनातून हादरले होते. माझे सासरे असंच पोट घेऊन ओट्यावर बसल्या बसल्या गेले. ह्यांना ते आठवत नव्हतं असं नाही, पण घरच्या इंद्रायणी भाताचा वास आला की ह्यांना काहीच आठवत नाही. मुळशीतल्या रिह्याच्या खोऱ्यात, भातातच जन्मलेल्या माणसाला ताटात निम्मा भात दिसला की वाटतं, बायको रुसली. पहिल्या रात्री हे मला म्हणाले, "काय चुकलं का माजं?"

तरी जेवण माझ्या हातात होतं. चालणं नव्हतं. आमच्याकडे कारणाशिवाय कुणी चालत नाही. पूर्वी नांगरामागं चालायचे, आता ट्रॅक्टर येतो, आणि आम्ही खोल्या भाड्यानं दिल्यापासून तर बसूनच घर चालतं. मुलीनं पाठवलेले पांढरे बूट घालून हे रस्त्याला लागले, तर दर दोन मिनिटांनी मोटरसायकल थांबायची. "बसा की काका, कुटं सोडू?" नाही म्हटलं की समोरच्याला राग. दोन दिवस हे रोज कुठंतरी सोडले गेले आणि तिथं चहा पिऊन परत आले. शेवटी रस्ता सोडून हे भातखाचरांच्या बांधांवरून चालायला लागले, आणि खरा घोळ तिथं झाला.

मुळशीत स्वच्छ बूट घालून सकाळी सकाळी बांधावरून इकडे तिकडे बघत फिरणारा माणूस एकच काम करत असतो. जमीन विकत असतो नाहीतर घेत असतो. दुपारी दोन एजंट आमच्या ओट्यावर येऊन बसले. संध्याकाळपर्यंत बातमी थोरल्या दिरांकडे पोचली.

वाटणीच्या वेळी एका फणसावरून बिनसलं, तेव्हापासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. थोरल्यांची वाट मात्र आमच्याच बांधावरून जाते. आम्ही जमीन विकली आणि नव्या मालकानं कुंपण घातलं की त्यांना आपल्या खाचरात उडी मारून जावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हे बांधावर गेले, तर मागं दहा पावलांवर थोरले. हे थांबले की ते थांबत, हे निघाले की ते निघत.

आम्ही जावांनी मात्र बोलणं कधीच सोडलं नव्हतं. मी मागच्या दारानं गेले आणि सांगितलं, "अक्का, जमीन न्हाई इकत ते. पोट उतरवत्यात." जाऊबाई आधी पदरात तोंड लपवून हसल्या आणि मग माझा हात घट्ट धरला.

"तू सांगू नगंस आमच्या ह्यास्नी. ह्यांचीबी साखर तेवढीच हाय. डागदर सांगून थकला, पर हा मानूस खाटंवरनं हलत नव्हता. आज पयल्यांदा पाय उचललाय. जमीन इकत्यात असंच वाटू दे त्यास्नी."

मग काय विचारता! थोरले जरा आळसावले की जाऊबाई सहज बोलून जायच्या, "सकाळी धाकट्याकडं एजंटाची पांढरी गाडी थांबली व्हती म्हनं." थोरले चहा तसाच टाकून बांधाकडे. इकडे ह्यांनी पांघरूण डोक्यावर ओढलं की मी म्हणायची, "थोरले कवाच येऊन उभे ऱ्हायलेत. आज न्हाई गेलात तर म्हनतील, घाबरला." हे बूट शोधायला लागायचे. जाऊबाईंनी तर धाकट्याच्या घरी कोर्टात उभं राहायची ताकद यावी म्हणून भात सोडून भाकरी-उसळ चाललीय, असंही सांगून टाकलं. त्या रात्री थोरल्यांनी स्वतः होऊन ताटातला भात मागं सारला.

काही दिवसांनी मुकेपण संपलं. म्हणजे भांडण सुरू झालं. बांध कुणी सरकवला, फणस कुणी लावला, सगळं निघालं. आवाज थेट अंगणात यायचा. टेकाडाच्या चढाला लागले की दोघांचा दम संपायचा, तेवढी शांतता, आणि माथ्यावर पोचले की परत फणस. पुढे पुढे चढावरही भांडण थांबेना, तेव्हा मला कळलं की दोघांचा दम वाढलाय.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी परत टेप लावली. घेर उतरला होता, साखरही खाली आली होती. "रोज चालायला कोण लावतं?" त्यांनी विचारलं. हे म्हणाले, "भावकी."

मला वाटलं होतं, आता हे दुखणं टळलं. पण आठवड्याभरातच ह्यांना सडकून ताप आला आणि सकाळी उठवेना. मी अंगण झाडत होते. फाटक वाजलं. थोरले आत आले, वाटणीनंतर पहिल्यांदा. घामाघूम, धापा टाकत, पायात एकच चप्पल.

"कुटं हाय त्यो? लई येळ वाट बघितली."

माझ्या अंगात काय शिरलं कुणास ठाऊक. डोक्यावर पदर घेतला आणि म्हटलं, "पौडला कचेरीत गेलेत. जमिनीचे कागद करायचेत म्हनले."

मला बघायचंच होतं, हा माणूस वाटेसाठी आलाय की भावासाठी. थोरल्यांनी चिखलाचा पाय पायरीवर टेकवला.

"करू दे कागद," ते म्हणाले. "चालत गेला का गाडीवर? चालनं बुडू नये त्याचं."

मला हसायचं होतं, पण डोळे भरून आले. मी खराटा खाली ठेवला आणि म्हटलं, "खोटं बोलले दादा. तापानं आत पडलेत." त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलंसुद्धा नाही. उरलेली चप्पल काढली आणि सरळ आत गेले.