रुआबांध्याच्या भिंतीवरचे चौदा डोळे

"माई पावर लय वाढून राहिली, पोरी. दोन-चार दिवस येऊन जाय."

भिलाईहून मामाजींचा हा फोन आला तेव्हा मी सहावीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत होते. मला वाटलं, म्हातारा विहार समितीचा अध्यक्ष झाला. "अभिनंदन मामाजी! हार आणू का?" मी विचारलं. ते खूप हसले. म्हणाले, "आन ना. आन ब्रश बी आन, डोळे काढाचे." फोन ठेवल्यावर मीही बराच वेळ हसत बसले होते. त्या हसण्याची मला दोनच दिवसांत लाज वाटली.

मामाजी म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. तरुणपणी विदर्भातून पोटापाण्यासाठी भिलाईला गेले आणि पोलाद कारखान्यात पेंटर म्हणून चिकटले. पेंटर म्हणजे चित्रं काढणारे नव्हेत. 'सावधान', 'खतरा', कवटी आणि खाली दोन आडवी हाडं, असे बोर्ड त्यांनी आयुष्यभर लिहिले. आता निवृत्त होऊन भिलाईतल्याच रुआबांध्यात राहतात. यंदा तिथल्या विहाराच्या सभागृहातली एक भिंत त्यांना रंगवायला दिली होती, विषय 'आपली ताकद'. रविवारी ती लोकांना दाखवायची होती. तोवर झाली नाही, तर त्या जागी छापील फ्लेक्स लागणार होता. मी शाळेत चार दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी नागपूर स्टेशन गाठलं.

जाणार असाल तर सकाळचीच गाडी धरा. दुर्गपर्यंत चार तासांच्या आसपास लागतात. गोंदियाला चहा घ्या आणि आमगाव सुटलं की मोबाईल पिशवीत टाका. पुढे सालेकसा-दरेकसाचं जंगल लागतं, मग बोगदा, मग डोंगरगडच्या टेकडीवरचं देऊळ. त्या हिरव्या अंधारातून गाडी हळूहळू जाते तेव्हा माणूस जागा आहे की झोपलाय, त्याचं त्यालाच कळत नाही.

अर्धवट झोपेत मी भिंतीचाच विचार करत होते. ताकद कशी काढतात हे मी वर्गात शिकवते. मोठा माणूस मधोमध, बाकीचे त्याच्या गुडघ्याएवढे. खाली उंच खुर्ची. आणि मुख्य म्हणजे त्याची नजर आपल्यावर नसते, आपल्या डोक्यावरून कुठेतरी लांब असते. विश्वास बसत नसेल तर तुमच्या चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. ज्याचं पद मोठं त्याचं तोंड मोठं. तळाशी तिकिटाएवढी तोंडं कार्यकर्त्यांची.

दुर्गहून रुआबांध्याला रिक्षा मिळते. आधी भाव ठरवा, कारण पिशवी बघून तो वाढतो. कारखान्याच्या वसाहतीतले रस्ते इतके रुंद आणि झाडं इतकी जुनी, की दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखं वाटतं. मामींनी फरा करून ठेवला होता, म्हणजे तांदळाच्या पिठाच्या वाफवलेल्या वळ्या, सोबत टमाट्याची झणझणीत चटणी. मी सात खाल्ल्या. आठवीला मामी म्हणाल्या, "खाय ना वो, लाजून कावून राहिली?"

मग भिंत पाहायला गेले. पुरुषभर उंचीची सात माणसं एका रांगेत उभी होती. हातोडा घेतलेला गँगमन, डोक्यावर घमेलं घेतलेली बाई, झाडू घेतलेला एकजण, हेल्मेटवाला, असे सगळे. मधोमध कुणी मोठा नाही, सगळे एकाच मापाचे. रेषा मात्र बोटाएवढ्या जाड आणि पुट्टीने फुगवलेल्या. चेहरे कोरे, एकालाही डोळे नाहीत.

"उठावाचं काम! एकदम आजकालची स्टाईल, मामाजी," मी म्हटलं.

"हाव," ते म्हणाले आणि गँगमनच्या खांद्यावरून बोट फिरवत राहिले.

संध्याकाळी अंगणात बसलो. कारखान्याच्या बाजूचं आभाळ भट्ट्यांच्या उजेडाने मधूनच नारिंगी व्हायचं, पुन्हा मावळायचं. मामींचं तिकडे लक्षही नव्हतं, त्या तांदूळ निवडत होत्या. मी मात्र पाहतच राहिले.

शुक्रवारी मामाजी म्हणाले, "चाल, तुले माया गुरू दाखवतो." त्यांना देवबलोद्याचं जुनं शिवमंदिर दाखवायचं होतं. भिलाईनगरहून मेमू लोकल पकडली. किरकोळ तिकीट, रिकामा डबा, दाराशी छान वारा. पुढचं स्टेशन आलं. पिवळ्या बोर्डावर हातहातभर काळी अक्षरं होती : भिलाई पावर हाऊस. आमचा डबा बरोबर त्या बोर्डासमोर थांबला. मामाजींनी डोळे बारीक केले आणि विचारलं, "कोनतं टेसन आलं, पोरी?"

मला वाटलं, थट्टा करताहेत. "तुमचंच! पावर हाऊस!" मी म्हटलं.

"असं काय. वाचता नाई आलं."

मी बोर्डाकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा हात दाराचा दांडा चाचपडत होता. "मामाजी, पावर वाढली म्हणजे..."

"चष्म्याची ना! तुले काय वाटलं?" आणि ते पुन्हा तसेच हसले. "अध्यक्ष कोन करते मले? आता तं काच बी नाई बसत. डॉक्टर म्हनते, मागचा पडदाच चालला. आता जे हाय ते बी जाईन."

"मग समितीला का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं भिंत भेटली असती का?"

ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांसाठी बोर्ड लिहिले, त्याला समोरचा बोर्ड दिसत नव्हता आणि मी हार आणायचं म्हणत होते. गाडी सुटली तेव्हा मी खिडकीकडे तोंड फिरवून रडले. त्यांना दिसणार नाही हे लक्षात आल्यावर आणखी रडले.

देवबलोद्याच्या मंदिराला शिखर नाही. कारागिराने ते अर्धवटच सोडलं म्हणतात, का सोडलं याच्या गोष्टी गावात कुणीही सांगेल. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. ऊन कोवळं, दगड गार, कुंडाचं पाणी हिरवंगार आणि निश्चल. मामाजी थेट भिंतीच्या खालच्या थराशी बसले आणि कोरलेल्या हत्तींवरून हात फिरवू लागले. सोंड, कान, पाठ, मग पुढचा हत्ती.

"राजाचं नाव कोनाले मालूम हाय?" ते म्हणाले. "हत्तीले मात्र सारेच हात लावतेत. साऱ्या मंदिराचं वजन याच्याच पाठीवर हाय."

मी हात लावून पाहिला. शेकडो वर्षांच्या तळव्यांनी पाठी गुळगुळीत झाल्या होत्या.

"पलांटात लोकं म्हनत, वायरमंदी पावर हाय. मले तं कधी दिसली नाई. दिसत नाई म्हनूनच बोर्ड लिहा लागते, पोरी." पुढच्या हत्तीकडे सरकत म्हणाले, "रेघा मी बोटानं केल्या. डोळे नाई जमत. थे तू कर."

शनिवारी सकाळी मी ब्रश घेतला. गँगमनचे डोळे काढले, नेहमीप्रमाणे छान, नजर वर आणि दूर. मामाजी नाक भिंतीला लागेल इतके जवळ आले.

"हा कुठं पायते?"

"दूर. येणाऱ्या दिवसांकडं."

"तिकडं कायले? मी तं अथी उभा हाव."

मी टर्पेंटाईनच्या बोळ्याने डोळे पुसले आणि नजर समोर आणली. मग ते दारापर्यंत गेले आणि ओरडले, "नाई दिसून राहिले!" मी मोठे केले. "नाई!" आणखी मोठे, पांढऱ्यात ठसठशीत काळं. करता करता डोळे पुरीएवढे झाले. तेव्हा दारातून आवाज आला, "आता दिसला. मलेच पाहून राहिला ना, लेकाचा!"

असे चौदा डोळे झाले. दुपारी मामी टिफिन घेऊन आल्या. घमेलंवाल्या बाईसमोर त्या या टोकाहून त्या टोकाला गेल्या आणि म्हणाल्या, "कुठी बी जा, हे माग सोडतच नाई."

रविवारी सभागृह भरलं. समितीचा सचिव प्रशिल, तरुण, मराठी फक्त घरात बोलणारा, बराच वेळ डोकं खाजवत उभा राहिला. "अंकलजी, आँखें कुछ ज़्यादा बड़ी नहीं हो गईं? आन मधात कोणी मोठा माणूस बी नाही." अध्यक्षांसाठी भिंतीसमोर खुर्ची ठेवली होती. ते बसले, दोन मिनिटं चुळबुळले, मागे वळून पाहिलं, पुन्हा बसले. मग उठून गुपचूप सतरंजीवर बायाबापड्यांत जाऊन बसले. खुर्ची शेवटपर्यंत रिकामीच राहिली. ताकद कशी काढतात याचा मी इतकी वर्षं शिकवलेला धडा तिथेच उलटा झाला.

मामाजी उभे राहिले. "प्रशिल, बेटा, डोळे मोठे हायेत कावून का मले दारातून दिसले पायजेत. माई नजर चालली. अथी कोनाले सांगतलं नोयतं, आज सांगून राहिलो."

मामींनी पदर तोंडाला लावला, त्यांना आजवर नुसता चष्म्याचा नंबर वाढलाय असंच वाटत होतं. प्रशिलने खिशातून मोबाईल काढला आणि तिथेच उभ्या उभ्या कुणाला तरी म्हणाला, "भाई, वो फ्लेक्स रहने दे. मत छापना."

सोमवारी निघताना स्टेशनबाहेर पोहा-जलेबी खाल्ली, तुम्हीही खा. डोंगरगडनंतर तोच हिरवा अंधार आला, पण या वेळी झोप लागली नाही.

घरी येऊन महिना होत आला. सहावीला 'ताकद' हा विषय दिला, नजर कुठे ठेवायची ते सांगितलं नाही. एका मुलीने आजीचा पाटावरवंटा काढून दिला. भिलाईला काय पाहाल असं कुणी विचारलं, तर मी देवबलोद्याचे हत्ती सांगते, आणि ते पाहू नका, हात लावा म्हणते.

मामाजी दर रविवारी विहाराच्या दारात उभे राहतात, डोळे मोजतात आणि मला फोन करतात. पहिल्या रविवारी चौदा होते. पुढच्या रविवारीही चौदा. मग तेरा. काल म्हणाले, "आज अकराच भेटले, पोरी."

हातातली वही तशीच उघडी राहिली.

"तू कावून चूप झाली?" ते म्हणाले. "त्यायले मी दिसून राहिलो ना. मंग झालं."