ताकदीची गोळी

खरं पानिपत दिल्लीतल्या आमच्या आर. के. पुरमपासून गाडीने दीड-दोन तासांवर आहे. माझ्या पोटात मात्र ते दर महिन्याला व्हायचं आणि दर वेळी हरणारी बाजू माझीच. पाळीच्या दुखण्यात मी अशी किंचाळायचे की कॉलनीतली कबुतरं थेट नोएडात जाऊन उतरायची. थोडं वाढवून सांगतेय, पण थोडंच. कबुतरांना विचारा.

दुखण्याला शेवटी नाव मिळालं, एंडोमेट्रिओसिस. आई मला सरकारी दवाखान्यातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे घेऊन गेली. आमचा दवाखाना म्हणजे बाबांच्या ऑफिसची कौटुंबिक शाखा. दाराला पडदा, पडद्याबाहेर बाकावर डायरेक्टरांच्या मिसेस, अंडर सेक्रेटरींच्या सासूबाई आणि मला स्थळं सुचवणाऱ्या तीन काकू. आत नुसतं शिंकलं तरी बाहेरून "गॉड ब्लेस यू" यायचं.

"और कोई दवाई चल रही है?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तोच आई पडद्याकडे बघत म्हणाली, "नहीं नहीं, बस ताकत की गोली."

ती ताकदीची गोळी म्हणजे माझी फिट्सची गोळी. तिच्या जोरावर मी दोन वर्षं जमिनीवर पडले नव्हते, एकटी मेट्रोने नोएडाला नोकरीला जात होते. मॅडमनी बिनधास्त गर्भनिरोधक गोळ्या लिहून दिल्या, या दुखण्यावर त्याच देतात म्हणे.

घरी मी ते पाकीट फ्रिजवर ठेवलं आणि जिवंत नाग ठेवल्यासारखी त्याच्याकडे बघत बसले. मेंदूच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, कुठलीही नवी गोळी मला विचारल्याशिवाय नाही. घेतली आणि मेट्रोत फिट आली तर? नाही घेतली तर पुढची पाळी होतीच दबा धरून.

"आई, तू खोटं का बोललीस?"

"अगं, बाहेर कोण बसलं होतं बघितलंस ना? फिट्सचं कळलं तर लग्न कोण करेल तुझ्याशी?"

"आणि फिटमध्येच गेले तर?"

"काहीतरी अभद्र बोलू नकोस!" म्हणाली, आणि जळलेली नसलेली कढई घासायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी तिला ओढतच परत नेलं. बाकावर तीच मंडळी. बहुधा तिथेच राहतात. आत जाऊन मी एका दमात सांगितलं, "मॅडम, मुझे मिर्गी है. वो ताकत की गोली उसी की है." बाहेर पंखासुद्धा थांबला. बरं, लाइट गेली होती.

मॅडमनी आधी आम्हा दोघींना झाडलं, मग मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावला. निघालं ते असं: पाकिटातल्या गोळीतलं इस्ट्रोजेन माझ्या फिट्सच्या गोळीचा जोर रक्तातूनच उतरवतं. दोन वर्षांची कमाई पंधरवड्यात पाण्यात गेली असती. त्यापेक्षा गर्भाशयात बसवायचं छोटं हॉर्मोनचं साधन बरं. त्याचं माझ्या गोळीशी भांडण नाही, आणि पाळीचं दुखणंही बहुधा कमी होईल.

"बहुधा?" मी विचारलं.

"गॅरंटी तो मिक्सर की मिलती है, बेटा."

"बसवताना दुखेल? दुखण्याने फिट आली तर?"

त्याची शक्यता फार कमी, पण आधी सांगितलंय तर सगळी तयारी ठेवू, म्हणाल्या. माझे हात थंडगार पडले होते. त्यांवर कुल्फी जमली असती.

लग्नाआधी असलं काही नको, असं आता आई म्हणणार, याची मला खात्री होती. ती खुर्चीतून उठली आणि साऱ्या सेक्टरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मॅडम, इसको आखिरी फिट रसोई में आई थी. दांत भिंच गए थे, होंठ नीले. मैं अकेली थी. जिस दिन ये लगेगा, मैं अंदर खड़ी रहूँगी, चाहे कुछ भी हो."

मॅडम म्हणाल्या, "ठीक है, रहिए."

मग मी ते बसवायची तारीख मागितली. भीती तसूभरही कमी झाली नव्हती, फक्त आता ती दोघींत वाटलेली होती.