बिबट्याच्या कॅमेऱ्यातला माणूस

कंपनीच्या बसनं येणाऱ्या-जाणाऱ्याला किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. उघड्या खिडकीतनं धूळ जशी मांडीवर साचते, तसे ते आपोआप साचतात. पण सुमनकाकूंचा खून झाल्यापासनं जे साचलेत ना, ते सांगताना मी आधी हसते आन् मग उठून दाराची कडी बघून येते!

सुमनकाकू आमच्या गावातल्या. शिरूर तालुक्यातलंच गाव आमचं. नदीकडच्या शेवटच्या घरात एकट्या राहायच्या. भर संध्याकाळी कुणीतरी त्यांना घरात मारलं. गळ्यातलं सोनं तसंच. कुणाशी भांडण नाही, तंटा नाही. पोलिसांचं कुत्रं आलं, उसापर्यंत गेलं आन् तिथंच बसलं. अजून कुणी सापडलेलं नाही. पोलिसांना जमेना म्हटल्यावर आमच्या ग्रुपनं काम हातात घेतलं.

*

ग्रुप खरं तर बसचा. "तात्या, कुठवर आलात?" एवढंच विचारायला काढलेला. तात्या म्हंजी आमचे ड्रायव्हर. ॲडमिन कंपनीत आमच्याच लाइनवर काम करणारा शिंदे. हा दौंडचा, आमच्या गावात कधी पाय ठेवला नाही, पण खुनाची माहिती सगळ्यात जास्त त्यालाच! त्यानं ग्रुपचं नाव बदलून 'सुमनकाकूंना न्याय' ठेवलं आन् पहिला शोध लावला.

"गॅसवर चहा होता. म्हंजी मारणारा ओळखीचा! काकूंकडं चहाला कोण कोण जायचं, ते खरंखरं लिहा."

अर्धी बस काकूंचा चहा प्यायलेली! कुणी काही लिहीना. शेवटी तात्याच म्हणाले, "मी तर दोन कप घ्यायचो बाबा. मला आधी आत टाका!"

सगळे हसले. पण माझ्याशेजारी बसणारी शोभा, जिच्या बाळंतपणात काकूंनी डिंकाचे लाडू करून दिले होते, ती हळूच म्हणाली, "मी तर त्या बाईंना नीट ओळखत पण न्हाई."

*

मग आला तो व्हिडिओ.

आमच्याकडं उसात बिबट्या असतोच. त्याच्यासाठी वनखात्यानं बांधावर कॅमेरा लावलेला होता. त्यात बिबट्या काही आला नाही, पण खुनाच्या संध्याकाळी एक माणूस आला. पाठमोरा, डोक्यावरनं टॉवेल घेतलेला, उजवा पाय ओढत उसात शिरणारा. बस, एवढंच. कुणी कुठनं काढला देव जाणे, पण सकाळी तो व्हिडिओ ग्रुपवर!

शोभानं बघितला आन् म्हणाली, "त्यापेक्षा बिबट्या असता तर बरं झालं असतं गं. त्याला पिंजरा तरी लावता येतो."

टेम्पो उलटला तवापासनं आमच्या घरचे मालकही उजवा पाय ओढतात. त्या संध्याकाळी मी सेकंड शिफ्टला होते. आन् ते उसाला पाणी द्यायला गेले होते, असं तेच म्हणाले. शोभाला पायाचं सगळं ठाऊक. तिनं माझा हात दाबला. मला तो हात सोडवून घ्यावासा वाटला, इतकी मी घाबरले होते.

*

त्याच आठवड्यात कंपनीनं नवे सेफ्टी शूज वाटले. नवे शूज म्हंजी नुसतं लोखंड! पहिल्या दिवशी टाचा सोलून निघाल्या, आन् अख्खी शिफ्ट लंगडत गेटातनं बाहेर पडली. शिंदे मोबाइल घेऊन गेटवर उभा! एकेकाची चाल शूट करत होता. मागनं तात्या ओरडले, "शिंदे, तुमची चाल कोण शूट करणार?" तोही लंगडतच होता!

दुसऱ्या दिवशी मात्र कुणी लंगडेना. दातओठ खाऊन सगळे ताठ. मोजे रक्तानं भिजले तरी फर्स्ट-एडच्या खोलीत पट्टी मागायला एक माणूस गेला नाही. तिथली सिस्टर मला म्हणाली, "या वर्षी शूज चांगले आलेत वाटतं!"

*

पाटसकडं एक ऊसतोडीचा माणूस एसटीतनं उतरला. डोक्यावर टॉवेल, पाय ओढतोय. कुणीतरी फोटो टाकला, "हाच तो!" शिंदेनं जिकडंतिकडं पाठवला. पोलीस पोचेपर्यंत लोकांनी त्याला तुडवला होता. कोयता लागून पायाला मोठी जखम झालेली, पट्टी करायला दवाखान्यात निघाला होता बिचारा.

संध्याकाळी शिंदेचा मेसेज आला, "कृपया खात्री करूनच फॉरवर्ड करावे." खाली हात जोडलेले!

त्या मारहाणीचाही व्हिडिओ आला. तो माणूस सारखा एकच म्हणत होता, "पाय कापलाय हो, पाय कापलाय." माझ्याच्यानं बघवेना, मी फोन पालथा टाकला. मालकांनी तो उचलला आन् परत परत लावून बघितला. जेवायला वाढलं तर ताट तसंच सोडून उठले.

*

एक दिवस शिंदे बसमध्ये माझ्या सीटपाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, तुमच्या मालकांच्या पायाला काही झालंय म्हणं?"

"कोण म्हणतं? काही न्हाई झालेलं."

शोभा खिडकीबाहेर बघायला लागली.

"न्हाई, आपलं विचारलं. त्या संध्याकाळी कुठं होते ते?"

"घरीच होते."

"पण तुम्ही तर सेकंड शिफ्टला होता ना, वहिनी?"

शिंदे हसला आन् म्हणाला, "रविवारी येतो तुमच्याकडं चहाला."

घरी मी यातलं अक्षर बोलले नाही. काय सांगणार? आन् मालकांनी उलटून काही विचारलं असतं, किंवा काहीच विचारलं नसतं, तर मी काय केलं असतं?

रविवारी शिंदे आला, सोबत दोघं. अंगणात खुर्च्या टाकून बसले. शिंदेच्या खिशातला मोबाइल कॅमेऱ्याची बाजू बाहेर करून उभा होता. मालक पार पलीकडं गोठ्यात. मी ट्रे घेऊन दारात आले आन् हाक मारली, "अहो, कंपनीतले पाहुणे आलेत."

ते बाहेर आले. डोक्यावरचा टॉवेल काढून खांद्यावर टाकला आन् अख्खं अंगण ओलांडून आले. "रामराम, बसा बसा," म्हणत खुर्चीत बसले. शिंदेनं सोबतच्या दोघांकडं बघून मान हलवली. त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला. दोन कप चहा प्यायला, वर म्हणाला, "वहिनी, चहा झकास!"

टेम्पो उलटल्यापासनं मालकांना इतकं सरळ चालताना मी कधी बघितलं नव्हतं.