मनकर्णाबाईचं राखून ठेवलेलं स्वप्न

मनकर्णाबाईला स्वप्नं पडतात. तशी ती आपल्यालाही पडतात म्हणा, पण आपली उठता उठता विरतात. तिची सकाळी नळावर येईपर्यंत ताजी असतात. हंडा भरेस्तोवर ती सांगत राहते. विहिरीतून म्हैस बोलते. उंद्रीच्या बाजारात पावसातून पुऱ्या पडतात. शेगावची गाडी रूळ सोडून तुरीच्या वावरातून हळूहळू चालते आणि खिडकीतून हात काढून बाया शेंगा तोडतात. आम्ही हसून हसून बेजार. "बुढे, काल खाल्लं तरी काय वं?" कोणी चिडवलं की म्हणते, "सांगून टाकते बाप्पा. सांगतलेलं सपन पुन्हा येत नाई. जागा झाली की नवं येते."

एक स्वप्न मात्र ती सांगत नाही. ते पडलं की आम्हाला कळतं. त्या सकाळी हंडा भरून वाहिला तरी तिचं लक्ष नसतं, नुसती गालातल्या गालात हसत उभी. "आज काय पाह्यलं?" विचारलं की म्हणते, "ते माहं हाये." बस्स. मी लग्न होऊन तिच्या शेजारी आले तेव्हापासून मला त्या स्वप्नाची भारी उत्सुकता. चोंबडेपणा म्हणा हवं तर.

बाकी बाई अगदी साधी. वाकळी शिवते. गावातली जुनी लुगडी तिच्या ओट्यावर येतात आणि पांघरूण होऊन घरी जातात. नवरा कधीचाच गेला, मुलगा डोणगावला कामाला. आई तर ती एवढीशी असतानाच वारली. घरात फोटो नाही. "माय कशी दिसे, ते सांगणारं कोणी उरलं नाई," असं एकदा सुईत दोरा ओवता ओवता बोलली होती.

आता माझी करिष्मा. पाचवीत आहे. शाळेनं दिवाळीच्या सुट्टीत एवढा अभ्यास दिला की सुट्टी नक्की कोणाला मिळाली तेच कळेना. एका हातात करंजी, दुसऱ्या हातात पेन्सिल. आणि खोटं कशाला बोलू, मीही कमी नाही. पोरगी उठली की अभ्यास, जेवली की अभ्यास, दाराकडे पाय वळला की "झाला का?" नवरा म्हणायचा, "काऊन पोरीच्या मागं हात धुऊन लागली वं?" मी म्हणायचे, मग तुम्ही बसा तिच्यासंगं! की हा निघाला वावरात. पोरगी झोपेत बडबडायची, रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा. सकाळी पुन्हा मी आहेच.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी एकच पान राहिलं. 'मला पडलेले स्वप्न', वीस ओळी. मी म्हटलं, सुटलो एकदाचे! तर पोरगी रडवेली.

"मम्मी, मले सपनच पडत नाई."

"काहीतरी लिही ना मग."

"खोटं लिहू?"

म्हटलं, जा, मनकर्णाआजीकडून आण एखादं.

तिच्या अंगणाच्या आणि माझ्या अंगणाच्या मधे तुराट्यांचं कुंपण. दुपारचं ऊन होतं, मी अलीकडे उडीद पाखडत होते आणि सगळं ऐकू येत होतं. वर्गातली पोरं आधीच येऊन गेली होती. म्हैस शिवमनं नेली, पुऱ्या योगिनीनं, शेगावची गाडी आणखी कोणी. आता तेच लिहिलं तर मॅडम ओळखणार. करिष्मा रडायलाच लागली. "आजी, माह्यं डोकं लय दुखते वं."

मग मनकर्णाबाईचा आवाज आला, नळावरचा नव्हे, वेगळाच.

"एक नदी हाये. पैनगंगाच असंन. पाणी कोमट. मी लहान, तुह्याहून लहान. माय दगडावर बसून माहं डोकं धुते. शिकेकाई डोळ्यात जाते, मी रडते. मंग माय माहं तोंड वर करते, अन् मले तिचं तोंड दिसते. सावळं. हसली का डोळे बारीक होतात. तेवढंच सपन. लिही."

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. अगं बाई, हे काय केलंस! आईचा चेहरा पाहायला तुझ्याकडे तेवढी एकच जागा, आणि ती शाळेच्या एका पानासाठी देऊन टाकलीस? मी तरातरा पलीकडे गेले. तर करिष्मा अर्धवट शिवलेल्या वाकळीवर गाढ झोपलेली, पान कोरं.

"ते काऊन सांगतलं तुम्ही?" मला रडूच आलं.

"लेकरू रडू राह्यलं होतं सूनबाई. उठवू नको तिले."

नाही उठवलं. ऊन सरकत गेलं तशी मनकर्णाबाई वाकळीचं टोक धरून पोरीला सावलीत घेत राहिली.

दिवेलागणीला करिष्मा उठली, डोळे चोळत, गालावर वाकळीचे टाके उमटलेले. म्हणाली, "आजी, तुही माय आली होती. माह्यं डोकं धुतलं. तिच्या हनुवटीवर तुळशीचं पान गोंदेल होतं."

मनकर्णाबाईची सुई थांबली. "हे तं म्या सांगतलंच नाई," ती हळूच म्हणाली. "तेवढंच ठेवलं होतं माह्यापाशी."

जुन्या बायांच्या हनुवटीवर गोंदण असतंच, पोरीनं बाजारात कोणाचं तरी पाहिलं असेल, एवढं मलाही कळतं. मी काही खुळी नाही. पण अंगावर काटा आला तो आला.

सवय वाईट! मी म्हटलं, "चल, आता पटकन लिहून काढ."

करिष्मानं वही मिटली. "आजीचं सपन आजीले सांगतलं तं चालते, पण लिहिलं तं मले बी पुन्हा नाई येणार. मंग आजीले कोण सांगंन?"

दुसऱ्या दिवशी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज आला. करिष्मा, निबंध अपूर्ण. तिच्या नावापुढे असं पहिल्यांदाच. मी माफी लिहिली, पुसली. मग लिहिलं, "झाला आहे मॅडम. पण दाखवता येत नाही."

आता मनकर्णाबाई सकाळी नळावर जायच्या आधी रिकामा हंडा घेऊन आमच्या दारात थांबते. मी भाकरी थापत असते, जिभेवर "अभ्यास झाला का" आलेलं असतं, ते गिळते. कारण तिचा प्रश्न आधी.

"आली होती का वं?"

आणि करिष्मा तोंडातला ब्रश काढून म्हणते, "हाव आजी. तुहंच इचारत होती."